गुडघ्याखालचा छोटा उंचवटा

कांद्याची काढणी ऐन भरात होती. पंचेचाळिशीच्या एक बाई मुलाच्या खांद्याचा आधार घेत दवाखान्यात आल्या. मुलगा घाबरलेला होता. आत येता येताच म्हणाला, "डॉक्टर, आईच्या पायावरून वारं गेलंय." बाईंची तक्रार मात्र साधी होती. "सकाळपासून डाव्या पायातली चप्पल राहतच नाही. चालता चालता मागेच पडते. पाय फरफटतो."

तोंड वाकडे नव्हते, बोलणे स्पष्ट होते, दोन्ही हातांत ताकद होती. गुडघा व्यवस्थित वाकत होता, सरळ होत होता. मी म्हटले, "ताई, टाच जमिनीवर ठेवा आणि पुढचं पाऊल वर उचला बघू." उजवे पाऊल चटकन वर आले. डावे जागचे हलले नाही. पावलाच्या वरच्या भागावर बोट फिरवले तर "बधिर वाटतंय" म्हणाल्या. कंबर दुखत होती का, तर नाही. पडणे-लागणे? तेही नाही. मग गेल्या चार दिवसांत काय केले? "काय करणार? सकाळपासून संध्याकाळपर्यंत उकिडवं बसून कांदा काढत होते."

मी त्यांच्या डाव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, थोडे खाली, एका ठिकाणी बोटाने हलकेच टिचकी मारली. मुंग्यांची लाट थेट पावलापर्यंत गेली आणि बाई दचकल्या. निदान जवळजवळ तिथेच झाले. मेंदूत काही झालेले नव्हते, मणक्यातही नाही. जे झाले होते ते गुडघ्याखालच्या एका छोट्याशा उंचवट्यापाशी.

आधी बोटाने शोधा

खुर्चीवर बसा, गुडघा काटकोनात वाकवा. गुडघ्याच्या वाटीखाली समोर एक टणक उंचवटा लागतो. साधारण त्याच पातळीवर बोट पायाच्या बाहेरच्या बाजूला न्या. तिथे मोठ्या बोराएवढा, कातडीच्या अगदी खाली असलेला हाडाचा गोळा हाताला लागेल. हे फिब्युला या हाडाचे डोके. मराठी पुस्तकांत या हाडाला अनुजंघास्थी म्हणतात. आता घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे हाड चाचपा. ते याच हाडाचे खालचे टोक. या दोन टोकांच्या मध्ये, पोटरीच्या स्नायूंच्या आत दडलेले, काठीसारखे बारीक हाड म्हणजे फिब्युला. लॅटिनमध्ये फिब्युला म्हणजे वस्त्र अडकवायचा आकडा किंवा पिन. नडगीच्या जाड हाडाशेजारी हे हाड त्या आकड्याच्या सुईसारखे दिसते, म्हणून हे नाव.

शरीराचा भार मुख्यतः नडगीचे हाड पेलते. फिब्युलाच्या वाट्याला फार तर त्याचा सहावा हिस्सा येतो. गुडघ्याच्या मुख्य सांध्यात तर फिब्युला उतरतही नाही. मांडीचे हाड टेकते ते नडगीच्या हाडावर. फिब्युलाचे डोके नडगीच्या हाडाला मागून-बाहेरून चिकटलेले असते आणि तिथे त्यांचा स्वतंत्र, छोटा सांधा असतो. पाऊल वर-खाली करताना तो किंचित सरकतो.

भार कमी असला तरी या डोक्याचे काम मोठे आहे. गुडघ्याची बाहेरची बाजू उघडी पडू नये म्हणून मांडीच्या हाडापासून एक मजबूत अस्थिबंध खाली येतो, तो इथेच बांधलेला असतो. मांडीच्या मागच्या बाजूचा, गुडघा वाकवणारा एक मोठा स्नायू आपली दोरीसारखी कंडरा इथेच अडकवतो. गुडघा वाकवून टाच मागे ओढलीत तर ही दोरी ताठ झालेली बोटाला कळते. म्हणजे हा उंचवटा म्हणजे तंबूची खुंटी. तंबूचे वजन खुंटीवर नसते, पण खुंटी उपटली तर तंबू कलंडतो. अपघातात या डोक्याचा छोटासा तुकडा जरी उडाला, तरी अस्थिरोगतज्ज्ञ त्याला किरकोळ फ्रॅक्चर मानत नाहीत. गुडघ्याच्या बाहेरच्या-मागच्या कोपऱ्यातले अस्थिबंध तुटल्याची ती खूण असू शकते.

उघड्यावरची नस

खरी गोष्ट मात्र या डोक्याच्या खालच्या भागाची, म्हणजे फिब्युलाच्या मानेची आहे. कमरेतून निघालेला सायटिक मज्जातंतू मांडीच्या मागून खाली येतो आणि गुडघ्याच्या वर त्याचे दोन फाटे होतात. त्यातला एक फाटा, कॉमन पेरोनियल नर्व्ह, बाहेरच्या बाजूला वळतो, फिब्युलाच्या मानेला वळसा घालतो आणि पुढे स्नायूच्या खाली एका अरुंद बोगद्यात शिरतो. जाड सुतळीएवढी ही नस त्या वळणावर जवळजवळ उघड्यावर असते. आत कठीण हाड, बाहेर कातडी आणि थोडीशी चरबी. कोपराला धक्का लागला की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, हा अनुभव सगळ्यांनाच असतो. पायातली तशी जागा म्हणजे ही.

वळसा घातल्यावर या नसेच्या दोन मुख्य शाखा होतात. एक शाखा पाऊल आणि बोटे वर उचलणाऱ्या स्नायूंना चालवते आणि अंगठा व त्याशेजारचे बोट यांच्यामधल्या बेचक्यातली संवेदना मेंदूला कळवते. दुसरी शाखा पाऊल बाहेरच्या बाजूला वळवते आणि पावलाच्या वरच्या भागाची संवेदना सांभाळते. नस मानेपाशी दाबली गेली की दोन्ही कामांवर परिणाम होतो. पाऊल लोंबते. चालताना बोटे जमिनीला घासतात, म्हणून माणूस गुडघा उंच उचलून पाय आपटत चालतो. बोटांनी चप्पल धरून ठेवता येत नाही, ती निसटते. याला डॉक्टर 'फूट ड्रॉप' म्हणतात.

कशाने दाबली जाते?

उकिडवे बसल्यावर गुडघा पूर्ण मिटतो. तेव्हा ही नस एका बाजूने ताणली जाते आणि दुसऱ्या बाजूने कंडरा, स्नायू आणि हाड यांच्यामध्ये दाबली जाते. पाच-दहा मिनिटे बसण्याने काही होत नाही. आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या लोक तसे बसत आले आहेत. प्रश्न येतो तो तासन्‌तास, दिवसामागून दिवस, न उठता बसण्याने. इंग्रजी वैद्यकीय लेखनात या आजाराला 'स्ट्रॉबेरी तोडणाऱ्यांचा लकवा' असेही नाव आहे. महाबळेश्वर-पाचगणीच्या मळ्यांत काम करणाऱ्यांना हे नाव ठाऊक नसेल, पण ते बसणे चांगलेच ठाऊक आहे. कांदा, भुईमूग, भाजीपाला, फरशी बसवणे, खुरपणी, सगळीकडे तेच.

खुर्चीवर पायावर पाय टाकून तासभर बसण्याची सवय असेल, तर वरच्या पायाची ही नस खालच्या गुडघ्यावर रेलते. आजारपणात किंवा कडक डाएट करून थोड्या दिवसांत खूप वजन उतरले, तर नसेभोवतीची चरबीची गादी पातळ होते आणि तोच पूर्वीचा दाब आता बाधतो. मधुमेहात नसा आधीच नाजूक झालेल्या असतात. गुडघ्याखाली करकचून बांधलेला पट्टा, प्लास्टरची वरची कड, क्रिकेटमध्ये तिथे बसलेला चेंडूचा फटका, गुडघ्याचा सांधा निखळणे, शेजारच्या छोट्या सांध्यातून वाढलेली पाण्याची गाठ, हीदेखील कारणे आहेत.

घरात अंथरुणाला खिळलेले कोणी असेल तर हे विशेष लक्षात ठेवावे. निपचित पडलेल्या माणसाचा पाय आपोआप बाहेरच्या बाजूला कलतो आणि हा उंचवटा गादीवर किंवा पलंगाच्या कठड्यावर टेकतो. बेशुद्ध किंवा अशक्त रुग्ण 'मुंग्या येताहेत' असे सांगू शकत नाही. म्हणून मांडीच्या बाहेरच्या बाजूला चादरीची गुंडाळी लावून पाय सरळ ठेवावा, गुडघ्याच्या बाजूला मऊ उशी द्यावी आणि दर दोन तासांनी कूस बदलावी.

कुष्ठरोगाची तपासणी याच जागी

या नसेशी महाराष्ट्राचा आणखी एक जुना संबंध आहे. कुष्ठरोगाचे जंतू कातडीजवळच्या, तुलनेने थंड नसांमध्ये घर करतात आणि फिब्युलाच्या मानेवरची नस नेमकी तशी आहे. म्हणून कुष्ठरोग तपासणारा डॉक्टर किंवा आरोग्य कर्मचारी कोपरामागची नस चाचपतो तशीच गुडघ्याखालची ही नसही चाचपतो. ती जाड झालेली किंवा दुखरी लागली, तर पुढची तपासणी लगेच होते. बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभारले त्या काळात पाऊल लोंबलेले, तळव्याला जखमा झालेले अनेक रुग्ण समाजाने बाहेर काढलेले होते. त्यातल्या कित्येकांच्या अपंगत्वाची सुरुवात अशाच एखाद्या दुर्लक्षित नसेतून झालेली असे.

सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून कुष्ठरोगाचे देशपातळीवर निर्मूलन झाल्याचे २००५ मध्ये जाहीर झाले. त्याचा अर्थ रोग संपला असा नाही. नवे रुग्ण महाराष्ट्रातही आजही सापडतात. पाऊल लोंबण्याबरोबर अंगावर फिकट किंवा तांबूस, संवेदना नसलेला चट्टा असेल तर लपवू नका. सरकारी आरोग्य केंद्रांत औषधे मोफत मिळतात आणि रोग पूर्ण बरा होतो. नसेला सूज आल्यावर वेळेत स्टिरॉइडचे उपचार मिळाले, तर गेलेली ताकद परत येण्याची शक्यता बरीच असते. उशीर झाला तर जंतू मरतात, पण पाऊल लोंबतेच राहते.

दुखतो घोटा, मोडते वर

या उंचवट्याची दुसरी फसवी गोष्ट अपघातातली आहे. पाऊल बाहेरच्या दिशेने पिळवटून घोटा मुरगळतो, सुजतो. एक्स-रे फक्त घोट्याचा काढला जातो आणि त्यात मोठे काही दिसत नाही. पण पिळवटण्याचा जोर कधी कधी घोट्यापाशी थांबत नाही. तो दोन्ही हाडांना बांधणारे अस्थिबंध फाडत, त्यांच्यामधला पडदा उसवत वर चढतो आणि गुडघ्याखाली फिब्युला मोडून बाहेर पडतो. फ्रेंच शल्यचिकित्सक मेझोनव यांनी १८४० मध्ये याचे वर्णन केले, त्यांच्याच नावाने हे फ्रॅक्चर ओळखले जाते. वरची मोड बहुतेक वेळा आपोआप जुळते. खरा धोका घोट्याला असतो. तिथली उसवलेली जोडणी वेळेत नीट बसवली नाही, तर काही वर्षांत घोट्याचा सांधा झिजतो. म्हणून घोटा जोरात मुरगळला असेल, तर गुडघ्याखालचा हा उंचवटा आणि त्याखालचा भाग दाबून बघा. तिथे कळ आली तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

गुडघ्याला मार लागल्यावर एक्स-रे हवा की नको, हे ठरवण्यासाठी कॅनडात ओटावा येथे काही सोपे निकष तयार झाले. वय ५५ किंवा त्याहून जास्त असणे, गुडघा ९० अंश न वाकणे, चार पावले टाकता न येणे, फक्त वाटी दाबल्यावर दुखणे आणि फिब्युलाचे डोके दाबल्यावर दुखणे, असे ते पाच निकष. यातला एक जरी लागू पडला तरी एक्स-रे काढावा. एवढ्याशा उंचवट्याला त्या पाचांत जागा मिळाली आहे.

एक सूचना मुलांच्या पालकांसाठी. हा उंचवटा दोन्ही पायांत सारखा असतो. एकाच बाजूला तो वाढत असेल, गाठ टणक लागत असेल, रात्री दुखून झोपमोड होत असेल, तर तेल चोळत बसू नका, एक्स-रे काढून घ्या. अशा गाठी बऱ्याचदा साध्या निघतात, पण गुडघ्याजवळची हाडे हे वाढत्या वयातल्या हाडांच्या कर्करोगाचेही एक नेहमीचे ठिकाण आहे.

दुसऱ्याच्या कामी येणारे हाड

भार कमी पेलत असल्यामुळे फिब्युला शरीरात दुसरीकडे नेता येते. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या इयान टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये रक्तवाहिनीसकट फिब्युलाचा तुकडा काढून पायाच्या दुसऱ्या हाडातली पोकळी भरल्याचे प्रसिद्ध केले. पुढे १९८९ मध्ये अमेरिकेतल्या डेव्हिड हिडाल्गो यांनी याच हाडातून खालचा जबडा घडवला. तंबाखू-गुटख्याने ज्यांचा जबडा कर्करोगात गेला, अशा आपल्याकडच्या रुग्णांसाठी ही शस्त्रक्रिया मोठा आधार ठरली आहे. पायातले वीसेक सेंटिमीटर हाड काढून, त्याला जबड्यासारखे कोन देऊन, सूक्ष्मदर्शकाखाली त्याची रक्तवाहिनी गळ्यातल्या रक्तवाहिनीला जोडली जाते. नंतर त्या हाडात दातही बसवता येतात.

या शस्त्रक्रियेत सर्जन मधले हाड घेतात, पण वरचे आणि खालचे सहा ते आठ सेंटिमीटर जागेवर ठेवतात. खालचे टोक घोट्यासाठी हवे असते. वरचे टोक ठेवण्याची कारणे आपण आताच पाहिली: गुडघ्याचा अस्थिबंध आणि मानेला वळसा घालणारी ती नस. कधी मनगटाजवळच्या हाडात गाठ होऊन ते टोक काढावे लागते. तेव्हा मात्र फिब्युलाचे डोकेच तिथे बसवले जाते, कारण दोघांच्या आकारात बरेच साम्य आहे. अशा वेळी सर्जन आधी नस शोधून बाजूला सांभाळून ठेवतात आणि सुटलेला अस्थिबंध पुन्हा बांधतात.

पाऊल उचलेना, तर काय करावे?

सर्वांत आधी धोका ओळखा. तोंड वाकडे, हात लुळा, बोलणे अडखळते आहे, तर तो मेंदूचा झटका असू शकतो. साडेचार तासांच्या आत मोठे रुग्णालय गाठा. कंबर दुखून दोन्ही पाय दुबळे झाले, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, तर मणक्यातल्या नसांवर दाब असू शकतो. तीही तातडीचीच गोष्ट आहे. प्लास्टर घातल्यावर बोटे वर उचलता येईनाशी झाली, पाय बधिर झाला किंवा असह्य ठणका लागला, तर रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नका.

यांपैकी काही नसेल, तरी पाऊल लोंबणे अंगावर काढू नये. नस मानेपाशी दाबली आहे की कमरेतून, हे डॉक्टरांना तपासणीतच बरेचसे कळते. कमरेतल्या दाबात पाऊल आत वळवण्याची ताकदही सहसा कमी होते. फिब्युलापाशी दाब असेल तर ती शाबूत राहते. नसेच्या विद्युत तपासणीने खात्री होते, पण तिचे पूर्ण चित्र साधारण तीन आठवड्यांनी उमटते.

नुसत्या दाबाने झुकलेली नस बहुतेक वेळा दाब काढल्यावर काही आठवड्यांत ते महिन्यांत सावरते. आतले तंतूच तुटले असतील, तर ते दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर या वेगाने वाढतात, म्हणून धीर धरावा लागतो. तोपर्यंत पाऊल उचलून धरणारा हलका स्प्लिंट बुटात वापरायचा, घोटा आखडू नये म्हणून रोज हाताने पाऊल वर-खाली करायचे. बधिर पावलाला भाजत-कापत नाही ना, हे रोज पाहायचे. तीन-चार महिन्यांत काहीच सुधारणा नसेल, तर नस मोकळी करण्याची शस्त्रक्रिया विचारात घेतात. फार उशीर झाला असेल, तर घोट्याच्या आतल्या बाजूची चांगली कंडरा पुढे आणून तिच्याकडून पाऊल उचलण्याचे काम करून घेता येते. चोळून, शेकून, नस 'बसवून' घेण्याच्या नादात महिने घालवू नयेत. त्या जागेवर जोरात चोळणे म्हणजे दाबलेल्या नसेवर आणखी दाब.

कांदा काढणाऱ्या बाईंना मी इंजेक्शन दिले नाही, याचे मुलाला जरा आश्चर्यच वाटले. उकिडवे बसणे बंद, स्प्लिंट आणि व्यायाम, एवढेच सांगितले. पाचव्या आठवड्यात अंगठा हलू लागला. अडीच महिन्यांनी त्या स्वतः चालत आल्या, दोन्ही चपला पायात. पुढच्या काढणीला जाणारच, असे म्हणाल्या. जायला हरकत नव्हती. बसायला बुटके स्टूल घ्या, दर अर्ध्या तासाने उठून चार पावले चाला आणि पाय बधिर झाला तर तिथेच थांबा, एवढे मी सांगितले. जाता जाता त्यांनी गुडघ्याखालच्या उंचवट्याला बोट लावून मुलाला दाखवले, "ही बघ ती जागा. इथं दाबायचं नाही."